पहिला दगड कोणी टाकावा?

(नम्रता, क्षमा आणि अपराधमुक्ती यांवरील ख्रिस्ती नित्यचिंतनाचा एक अभ्यास)

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा अहवाल, देणगीदारांची नामावली आणि जमाखर्च ही येणारच, आणि ती यावीतच. परंतु संस्था माणसांनी चालते, आणि माणसांच्या मनातला हिशेब कोणाही हिशेबतपासनिसाच्या हाती लागत नाही. सभेत कोण कोणाला काय बोलले, कोणाच्या घरच्या लग्नाची पत्रिका कोणाला गेली नाही, दोन भावांचे बांधावरून केव्हा बोलणे तुटले, याच्या नोंदी वर्षानुवर्षे मनात राहतात. पुष्कळ सत्कार्ये पैशावाचून अडत नाहीत. ती अशा जुन्या नोंदींपायी अडतात. म्हणून या शुभप्रसंगी त्या दुसऱ्या हिशेबाविषयी काही लिहावे, असे मनात आले.

प्रस्तुत लेखक धर्माने मुसलमान व पेशाने शिक्षक आहे. मग त्याने ख्रिस्ती चिंतनावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, हजरत ईसा व त्यांची माता हजरत मरियम यांस आम्ही परम आदराने मानतो. कुराण शरीफातील एकोणिसावा अध्याय मरियम यांच्याच नावाचा आहे. येशूंचे देवत्व आणि क्रूसावरील मरण यांविषयी ख्रिस्ती व मुसलमान यांच्या श्रद्धा भिन्न आहेत. तो भेद झाकण्याचे कारण नाही आणि येथे त्याची चर्चाही करावयाची नाही. परंतु रोज थोडा वेळ स्वतःच्या मनाची झडती कशी घ्यावी, याचा जो पाठ ख्रिस्ती परंपरेने घालून दिला आहे, तो शेजाऱ्याने समजून घ्यावा अशा योग्यतेचा आहे.

(१) नित्यचिंतनाची रीत

येशूंनी शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तीत रोजच्या भाकरीची मागणी आहे आणि तिला लागूनच क्षमेची मागणी आहे. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. भाकरी जशी काल खाल्ली म्हणून आज चुकत नाही, तशी क्षमाही रोजची गरज आहे, असा त्यातला आशय. शिवाय त्या मागणीला एक अट जोडलेली आहे. आम्ही दुसऱ्यांना सोडतो त्या मापाने आम्हांस सोड, असे भक्त स्वतःच्या तोंडाने म्हणतो. अशी अट घालून मागणे मागताना विचारी माणसाची जीभ क्षणभर अडखळलीच पाहिजे.

पुढे या चिंतनाला निरनिराळ्या पंथांत निरनिराळे वळण लागले. स्पेन देशातील इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) हे आधी शिपाई होते. लढाईत पाय जायबंदी झाल्यावर त्यांचे मन धर्माकडे वळले. त्यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या: प्रथम ईश्वराचे आभार, नंतर स्वतःचे दोष दिसावेत म्हणून प्रकाशाची याचना, मग दिवसाचा प्रहरागणिक आढावा, मग क्षमायाचना, आणि शेवटी उद्याचा निश्चय. एखादा विशेष दोष घालवावयाचा असेल, तर वहीत दिवसागणिक रेघा ओढून, तो दोष जितके वेळा घडला तितकी टिंबे द्यावीत, आणि आजची टिंबे कालच्याशी ताडून पाहावीत, असेही त्यांनी सुचविले. आम्हां शिक्षकांच्या गुणपत्रकासारखीच ही रीत. फरक एवढाच की, येथे परीक्षक व परीक्षार्थी एकच.

जर्मनीतील मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) यांनी १५१७ साली जे ९५ प्रबंध मांडले, त्यांतील पहिल्याच कलमाचा आशय असा की, पश्चात्ताप हा वर्षातून एकदा उरकण्याचा विधी नसून श्रद्धावंताचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे. ल्यूथरपंथी मंडळी आपल्याला दूरची नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडन देशातून आलेल्या मिशनऱ्यांच्या कामातून मध्य प्रदेशातील जी ल्यूथरन मंडळी उभी राहिली, तिचे मुख्य ठाणे छिंदवाडा येथे आहे. आणि २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा होऊन सौंसर त्यात येईपर्यंत आपण सारे छिंदवाडा जिल्ह्यातच होतो.

(२) नम्रता

नम्रता म्हणजे मान खाली घालून हळू बोलणे, असा समज रूढ आहे. तसे असते तर कचेरीत काम अडलेला प्रत्येक माणूस नम्रच म्हटला पाहिजे. येशूंच्या एका दृष्टांतात दोन माणसे मंदिरात येतात. एक धर्मनिष्ठ, तो आपल्या उपवासांची व दानाची यादी देवापुढे वाचतो आणि आपण पलीकडच्या माणसासारखे नाही याबद्दल आभार मानतो. दुसरा लोकांनी हिणविलेला जकातदार. तो दूर उभा राहून फक्त दया मागतो. येशूंच्या मते घरी जाताना निर्दोष ठरला तो दुसरा. येथे उपवासाची व दानाची निंदा नाही. पहिल्याने स्वतःची उंची शेजाऱ्याला लागून मोजली, ही त्याची चूक. स्वतःला कमी लेखणे ही नम्रता नव्हे. स्वतःचे माप खरे घेणे ही नम्रता होय.

आपल्या अखेरच्या भोजनाच्या रात्री येशूंनी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्या देशात हे काम घरच्या नोकराचे. आजही पुण्य गुरुवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, अनेक मंडळ्यांत धर्मगुरू साध्या माणसांचे पाय धुतात.

महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे घ्यावे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृत पांडित्याचा गौरव करून त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या होत्या. अशा विदुषीने उत्तरायुष्यात मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते करताना पांडित्य बाजूला ठेवून अल्पशिक्षित बायकांना कळेल अशी सोपी भाषा पत्करली. केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांच्या हातांनीच ते छापले गेले व बाईंच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्याला अवघड येते त्याने सोपे लिहावे, यात जी नम्रता आहे, ती आम्ही शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

(३) क्षमा

पेत्र नावाच्या शिष्याने विचारले, बंधूला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे काय? उत्तर मिळाले ते साताच्या सत्तरपटीचे. गणिताने ते ४९० होते, परंतु मोजणेच सोडावे, हा त्यातला अर्थ आहे. लागलीच येशूंनी एक दृष्टांत दिला. एका चाकराचे राजाकडे १०,००० तलांतांचे देणे होते. राजाने ते सारे सोडले. तोच चाकर बाहेर पडला आणि १०० दीनारांसाठी त्याने सोबत्याचा गळा धरला.

हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहण्याजोगे आहे. दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. म्हणजे चाकराला सुटलेले देणे ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतके. वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले तर ते फेडावयास दोन लक्ष वर्षे लागती. आणि ज्यासाठी त्याने गळा धरला ते देणे १०० दिवसांच्या मजुरीचे. शंभर दिवसांची मजुरी गरिबाला लहान नव्हे. सोबत्याचा अपराध खोटा होता असे येशू म्हणत नाहीत. तो खरा होता, पण आपल्याला जे सुटले त्याच्या तुलनेने फार लहान होता.

इस्लामच्या इतिहासातही याला जोडीचे प्रसंग आहेत. इ. स. ६२० च्या सुमारास पैगंबर महंमदसाहेब उपदेशासाठी ताइफ गावी गेले असता तेथील लोकांनी पोरांना व टवाळांना त्यांच्यामागे लावून दगड मारविले. रक्ताने माखलेल्या पायांनी ते एका मळ्यात विसाव्यास थांबले. तेथे त्यांना द्राक्षांचा घड आणून दिला तो अद्दास नावाच्या ख्रिस्ती गुलामाने. पैगंबरसाहेबांनी त्या गावाचा नाश मागितला नाही. यांच्या पुढच्या पिढ्या तरी सन्मार्गाला लागतील, अशी आशा व्यक्त केली. पुढे ६३० साली मक्का हाती आली, तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षे छळ केला त्यांना त्यांनी सामान्यतः अभय दिले.

मात्र क्षमेविषयी दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, क्षमा म्हणजे अन्याय चालू देणे. तसे नाही. ज्या घरात सुनेला मार बसतो, त्या घरात तिला क्षमेचा उपदेश करणे हे धर्माचे नव्हे, मारणाऱ्याचे काम करणे होय. आधी हात थांबला पाहिजे, जरूर तर कायद्याने थांबविला पाहिजे. मनातून सूड काढून टाकणे आणि पोलिसांत फिर्याद देणे या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात. दुसरा गैरसमज असा की, अपराध्याला क्षमेचा हक्क आहे. क्षमा मागता येते, वसूल करता येत नाही. 'मी माफी मागितली, आता तू विसरलेच पाहिजे' असे म्हणणारा अजून नम्रतेच्या पहिल्या पाठावरच अडलेला असतो.

(४) अपराधाची बोच आणि तिच्यातून सुटका

दुसऱ्याने केलेला अपराध सोडणे कठीण. स्वतः केलेला सोडणे त्याहून कठीण. बायबलात दोन शिष्यांची कथा जवळजवळ ठेवलेली आहे. यहूदाने तीस रुप्याच्या नाण्यांसाठी गुरूला धरून दिले. पेत्राने त्याच रात्री, भीतीपोटी, आपण त्यांना ओळखतही नाही असे तीनदा सांगितले. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहूदाने नाणी परत फेकली आणि एकट्यानेच स्वतःला शिक्षा देऊन जीव दिला. पेत्र ढसाढसा रडला, पण सोबत्यांत राहिला, आणि पुढे त्याच मंडळीचा पुढारी झाला. बोच दोघांना सारखीच लागली. एकाने तिला न्यायाधीश केले, दुसऱ्याने वैद्य.

ल्यूथर तरुणपणी एरफुर्टच्या मठात होते. तेव्हा ते आपले बारीकसारीक दोष तासन्‌तास वडील धर्मगुरूंपुढे कबूल करीत, आणि बाहेर पडताच आणखी एखादा दोष आठवून पुन्हा परत येत. मनाची झडती रोज घ्यावी हे खरे. परंतु झडतीलाच घर मानले तर माणूस तुरुंगात पडतो. क्षमा ही आपल्या कमाईने मिळत नाही, ती कृपेने मिळते आणि विश्वासाने घ्यावयाची असते, असे बायबलाच्या अभ्यासातून जेव्हा त्यांना उमगले, तेव्हा त्यांची सुटका झाली.

रमाबाईंचा अनुभवही याच जातीचा आहे. इंग्लंडमध्ये असताना, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना भगिनीसंघातील बाया कशा मायेने वागवितात हे त्यांनी पाहिले. ही माया कोठून आली, असे विचारता त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगण्यात आली. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु मनाला खरी शांती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात प्रांजळपणे नमूद केले आहे. विधी एका दिवसात होतो. मन मोकळे व्हावयास वेळ लागतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीत सापडलेल्या सुमारे ३०० मुली व स्त्रियांना त्यांनी आसरा दिला. पुढे केडगावी, लोकांनी कलंकित ठरविलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपा सदनही उघडले. ज्याच्या मनावरचे ओझे उतरते, त्याचे हात दुसऱ्याचे ओझे उचलावयास मोकळे होतात, हे यावरून दिसते.

मात्र सुटका म्हणजे 'झाले गेले गंगेला मिळाले' नव्हे. येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरले, तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसविले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. आमच्याकडे तौबेच्या अटी सांगतात त्या अशा: केल्याचा खेद, ते कृत्य सोडणे, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि अपराध माणसाचा असेल तर त्याचे त्याला परत करणे, किंवा त्याच्याकडून माफी घेणे. ख्रिस्ती म्हणतात, कृपा आधी व भरपाई तिच्या मागून. आम्ही भरपाईला तौबेचाच भाग मानतो. क्रमात भेद असेल, पण ज्याची जमीन दाबली त्याला ती परत मिळालीच पाहिजे, याविषयी दोहोंचे एकमत आहे. आपल्या जैन बांधवांत संवत्सरीला लहानथोरांनी परस्परांची क्षमा मागण्याची जी चाल आहे, तिचाही गाभा हाच.

(५) आपली जाम नदी

आता गावाकडे येऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून गोटमार होते, हे येथील पोरासोरांस ठाऊक आहे. तिच्या उगमाविषयी एकाहून अधिक कथा आहेत. सर्वांत प्रचलित कथा अशी की, पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला. नदीच्या मध्यावर असताना एका काठाने त्यांना अडविण्यासाठी व दुसऱ्या काठाने उत्तर म्हणून दगड टाकले, आणि त्यात ती दोघेही मेली. मग दोन्ही गावांना पस्तावा झाला, आणि चंडीमातेच्या ठिकाणी दोघांचे शेवटचे सोपस्कार झाले. आजही झेंडा अखेर चंडीमातेलाच वाहतात.

ही कथा इतिहास म्हणून सिद्ध नसेल. परंतु तिच्यातला पस्तावा खरा आहे. आणि येथेच एक प्रश्न उभा राहतो. पस्ताव्याची आठवण तर आपण पिढ्यानुपिढ्या जपली, मग दगड हातात कसा राहिला? दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे जीव गेले आहेत, कोणाचा डोळा गेला आहे. परंपरेवर प्रेम करणाऱ्या कोणाचाही अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. परंतु ज्या दोन जिवांसाठी हळहळलो, त्यांच्या नावाने तिसऱ्याच्या घरी रडारड व्हावी, हे त्या कथेच्या शेवटाशी जुळत नाही.

बायबलातील एक प्रसंग येथे आठवल्यावाचून राहत नाही. व्यभिचाराच्या आरोपाखाली पकडलेल्या एका स्त्रीला लोकांनी येशूंपुढे आणले. शिक्षा दगडांनी मारण्याची. येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहीत राहिले. लोक फारच मागे लागले तेव्हा त्यांनी एवढेच सुचविले की, आपल्या हातून कधी पाप घडले नाही अशी ज्याची खात्री असेल त्याने आरंभ करावा. एकेक जण निघून गेला. मग येशूंनी त्या स्त्रीलाही दोषी न ठरविता, पुन्हा पाप न करण्यास सांगून पाठविले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा प्रसंग आढळत नाही, असे विद्वान सांगतात. तरीही ख्रिस्ती परंपरेने तो जिवापाड जपला आहे.

या प्रसंगात नम्रता, क्षमा व सुटका हे तिन्ही पाठ एकत्र आहेत. लोकांनी स्वतःचे माप घेतले, ही नम्रता. दगड खाली पडले, ही क्षमा. स्त्रीला नवे आयुष्य मिळाले आणि तिची चूक चूकच राहिली, ही सुटका. परंतु त्यातला एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. निघून जाण्याचा आरंभ वडीलधाऱ्यांनी केला, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. जे अधिक जगले त्यांना स्वतःच्या चुका अधिक आठवल्या. आणि वडील गेलेले पाहून तरुणांना जाणे सोपे झाले.

(६) घरी करावयाचा पाठ

घरोघरी पाच मिनिटांत होण्याजोगा अभ्यास पुढे दिला आहे. रात्री निजण्यापूर्वी प्रत्येकाने आपापल्या धर्माची प्रार्थना करून स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आज मला कोणाकडून काय मिळाले? आज मी स्वतःला कोणापेक्षा मोठा समजलो? कोणाचा राग मी उद्यासाठी जपून ठेवीत आहे? आणि कोणाचे काही मजकडे राहिले आहे काय: पैसा, शब्द अथवा माफी? चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले, तर सकाळी पहिले काम तेच करावे. येशूंची शिकवण अशी की, वेदीपाशी दान घेऊन गेलेल्या माणसाला भावाचा रुसवा आठवला, तर त्याने दान तेथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा, आणि मग येऊन दान द्यावे.

आपली संस्था दानावर उभी आहे, म्हणून हा शेवटचा पाठ आपणांस विशेष लागू आहे. महोत्सवाच्या निमित्ताने पुष्कळ सभासद सहकुटुंब एकत्र येतील. त्यांत एकमेकांशी न बोलणारी घरेही असतील. मुले त्यांच्याकडे पाहत असतील, आणि बांधाचा वाद काय होता हे त्यांना ठाऊकही नसेल. कोणत्या काकांच्या ओसरीवर पाय ठेवावयाचा नाही, एवढेच त्यांना ठाऊक असते. ज्येष्ठ मंडळींना सविनय विनंती अशी की, पंक्तीला बसण्यापूर्वी आपण होऊन उठावे, समोरच्या घरच्या वडिलांजवळ जावे आणि त्यांची खुशाली विचारावी. चूक कोणाची होती, हे त्या वेळी काढू नये. ते ठरविण्याला पुढे वेळ आहे.